शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या पालकास

पालकसभेने आपली निवड केली, याचा मनापासून आनंद वाटला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत बैठकीला बसताना संकोच बाळगू नका. पहिल्या बैठकीपूर्वी मागील वर्षाचे इतिवृत्त मुख्याध्यापकांकडून मागून सावकाश वाचा. कोणता ठराव झाला आणि त्यापुढे काहीच घडले नाही, हे त्यातूनच कळते. अनुदानाच्या खर्चाची पावती पाहिल्याखेरीज सही करू नका. पहिल्या वर्षी मी तशा सह्या केल्या, याची खंत आजही आहे. पोषण आहार शिजत असताना अधूनमधून जा, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते का ते पाहा आणि जे दिसेल ते शाळा विकास आराखड्यात लिहवून घ्या, कारण आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे हे समितीचे कायद्याने ठरलेले काम आहे. स्वतःच्या पाल्याची तक्रार मात्र वर्गशिक्षकांकडेच न्यावी. शिक्षकांना एकट्याने जाब विचारण्याचा अधिकार कोणाही सदस्याला नाही. निर्णय बैठकीतच व्हावेत.