वाचकांचे प्रश्न : जास्तीचं पाणी खत घेऊन जातं

प्रश्न : विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम निघालं. आमचं सगळं पीक ठिबकवर आहे, खतही त्यातूनच जातं. लॅटरल (ओळीतल्या बारीक नळ्या) दीड मीटरवर, त्यांवरचे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं) ४० सेंटिमीटरवर, ताशी ४ लिटरचे. रोज चार तास चालवतो. मग नायट्रेट आलं कुठून?

उत्तर : संशय घ्यायचा तर आधी त्या चार तासांचा घ्या. तुमच्या एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन येते. पिकाची गरज दिवसाला ५ मिलिमीटर धरली, तर एका ड्रिपरने ३ लिटर पाणी द्यायला हवं. त्याला पाऊण तास लागतो, थोडी तूट धरून पन्नास मिनिटं. तुम्ही देता १६ लिटर. उरलेलं पाणी मुळांच्या खाली उतरतं आणि नायट्रेट सोबत नेतं. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. युरियाचं मातीत आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं, म्हणून युरिया देणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. ठिबक आहे म्हणजे पाणी वाचतंच, हा समज काढून टाका. वाचवतो तो व्हॉल्व्ह बंद करणारा हात.

खात्री करायची तर पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रिपरजवळ खड्डा घ्या. मुळांच्या थराखालची माती मुठीत दाबल्यावर पाणी सुटत असेल, तर वेळ कमी करा. हलक्या जमिनीत तेवढंच पाणी दोन पाळ्यांत विभागून द्या.

विहिरीत उतरलेलं नत्र (नायट्रोजन) हिशेबातही धरा. लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे ११.३ मिलिग्रॅम नत्र. असं ३०० मिलिमीटर पाणी दिलं की हेक्टरी सुमारे ३४ किलो नत्र पिकाला मिळतं, म्हणजे ७४ किलो युरियाइतकं. ते खताच्या मात्रेतून वजा करा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही ५० मिलिग्रॅमच आहे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळासाठी हे पाणी वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. (अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असं लिहिलं असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणा.)

प्रश्न : वेळ कमी केला की शेवटच्या ओळी सुकतात. काय करावं?

उत्तर : बहुतेक शेतांत जास्त वेळ ठिबक चालतं ते याच कारणाने, शेवटच्या ओळींसाठी पहिल्या ओळी बुडवून. लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली वाटी ठेवून सहा मिनिटं पाणी जमवा. ४ लिटरच्या ड्रिपरने ४०० मिलिलिटर द्यायला हवेत. सगळीकडेच कमी भरलं तर फिल्टर पाहा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात चौरस सेंटिमीटरला ०.५ किलोचा फरक पडला की तो धुवायला झाला. फक्त टोकाला कमी भरत असेल तर टोकाची बुचं उघडा, पण एका वेळी दोन-तीनच. सगळी एकदम उघडली तर वेग पडतो आणि गाळ आतच राहतो. तोंडावर पांढरा थर असेल तर आम्लप्रक्रिया, बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरिन. दोन्ही एकत्र कधीही नको, विषारी वायू सुटतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. एवढं करूनही फरक राहिला तर लॅटरल प्रमाणापेक्षा लांब आहे, मध्ये सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी जाड नळी) टाकावी लागेल.

प्रश्न : व्हेंचुरीने (पाण्याच्या प्रवाहात खत ओढून घेणाऱ्या साधनाने) खत कधी सोडावं? पंप विहिरीवरच आहे.

उत्तर : पन्नास मिनिटांच्या पाळीत पहिली १५ नुसतं पाणी, मग २० मिनिटं खत, शेवटची १५ पुन्हा साधं पाणी. सुरुवातीलाच खत सोडलं तर मागून येणारं पाणी ते मुळांखाली ढकलतं. पंप आणि व्हेंचुरीच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारी झडप) हवाच. वीज गेली की पाइपातलं पाणी मागे फिरतं आणि खतासकट थेट विहिरीत पडतं. फवारणीची टाकी भरतानाही नळीचं तोंड द्रावणात बुडू देऊ नका. फवारणीचा पंप तीनदा विसळून ते पाणी त्याच पिकावर फवारा, विहिरीजवळ ओतू नका.

प्रश्न : ओढ्याकाठी गवताचा पट्टा ठेवला, तरी शेतातून गढूळ पाणी जातंच.

उत्तर : पट्ट्यावर पाणी पसरून आलं तरच गाळ बसतो. तुमच्याकडे ते बहुधा एकाच घळीतून वेगाने जात असावं. घळ वरच्या बाजूनेच दगडांनी अडवा, नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून वाहतं, त्यामुळे ते फोकून न देता पेरून द्या, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर तर नकोच.