मालक आपल्या मंडळीतले, पगार मात्र 15 तारखेनंतर

प्रश्न : ताई, सलाम. अक्कलकोट रोडच्या बाजूला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मी 12 वर्षं मशीनवर आहे. आम्ही तीसेक जणी आहोत. मालक ख्रिस्ती, आमच्याच मंडळीचे (चर्चचे) पंच. रोज सकाळी 25 मिनिटं प्रार्थना असते, सगळ्यांनी बसायचंच. काम पीस रेटवर. पगार 15 तारखेनंतर कधीतरी. पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही. आम्हा विश्वासणाऱ्यांचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, पगारातून परस्पर कापून मंडळीत देतात. बोनसच्या जागी नाताळला साडी आणि केक. पण माणूस वाईट नाही. कधी अरेरावी नाही, रविवारी काम नाही, माझ्या मिस्टरांच्या ऑपरेशनला न मागता 10,000 रुपये दिले. शेजारच्या मशीनवरची पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातली) मैत्रीण विचारते, "तुमच्या लोकांत असंच असतं का गं?" पाळकसाहेब (चर्चचे पास्टर) म्हणाले, विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कचेरीत ओढू नये. मी काय करू?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : सलाम, ताई. तुमचं तोंड त्या 10,000 रुपयांनी बांधलं गेलंय असं पत्र वाचताना वाटलं, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच बोलते.

ते पैसे त्यांनी मनापासून दिले असतील, त्याबद्दल कृतज्ञ राहाच. पण हिशेब बघा. सोपं जावं म्हणून तुमची कमाई महिना 10,400 धरू. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतो आणि 21,000 पर्यंत पगार असलेली बाई त्यात येते. तुमचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे 78 रुपये. मालकाचा 3.25 टक्के, म्हणजे 338 रुपये. हे पैसे दरमहा भरले गेले असते तर तुमच्याकडे कार्ड असतं आणि मिस्टरांवरचे उपचार हा तुमचा हक्क असता. सोलापुरात कामगार विम्याचं रुग्णालय आहे, ते अशाच घरांसाठी. मालकांनी 12 वर्षं दरमहा आपला वाटा वाचवला आणि अडचणीच्या दिवशी 10,000 हातावर ठेवले. त्यामुळे जे हक्काने मिळायला हवं होतं, त्याचं ओझं तुम्ही उपकार म्हणून वाहताय. मला यातलं हेच सगळ्यात जास्त टोचतं.

मी स्वतः अशाच एका कारखान्यात पगारपत्रक लिहीत असे, तेव्हा मालकाची बाजूही मला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडतात. माल त्याआधी जातो आणि दुकानदारांचे पैसे गणपतीपर्यंत रेंगाळतात. कापडवाला मात्र थांबत नाही. हे सगळं खरं. पण त्या उधारीचा भार मशीनवरच्या बाईने का उचलायचा? तिचा किराणावाला थांबतो का? एवढ्या कारखान्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. पार्टीचं पेमेंट आलं नाही तर मालकाने बँकेचं दार ठोठावावं.

आता प्रार्थना. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हावी असं मलाही वाटतं. पण तुम्ही पीस रेटवर आहात. रोज 25 मिनिटं, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 650 मिनिटं, जवळजवळ 11 तास. त्या वेळात ना कॉलर लागते ना काज-बटण होतं. म्हणजे प्रार्थनेचा खर्च तुम्ही भरताय आणि तुमची पद्मशाली मैत्रीणही भरतेय, जिने ही प्रार्थना मागितलीच नव्हती. बसणं सक्तीचं असेल तर ती वेळ कामाची धरून तिचे पैसे दिले पाहिजेत. नाहीतर ज्याला बसायचंय त्याने बसावं, बाकीच्यांची मशीनं सुरू राहू द्यावीत. आणि पीस रेट असला तरी ठरलेल्या वेळेच्या कामाला किमान वेतनापेक्षा कमी पडता कामा नये. तुमच्या कामाचा सध्याचा दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. आधी तो कागदावर लिहून घ्या, मग बोला.

दशांश कापणं मला अजिबात मान्य नाही. पगारातून काय कापता येतं हे कायद्याने ठरवून दिलंय, त्यात दशांश नाही. तो पगारातून परस्पर कापा असं बायबलही सांगत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जुलमाने नाही. दान तुमच्या हातातून गेलं पाहिजे. पंचांनी पगारातून कापून पेटीत टाकलं तर ते कोणाचं दान झालं?

बोनस किमान 8.33 टक्के, साधारण एका महिन्याची कमाई. मार्चला वर्ष संपलं की 8 महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर तो हातात पडायला हवा. नाताळची साडी प्रेमाने घ्या, पण तिने बोनस फिटत नाही. पीएफ 20 कामगारांपासून लागू होतो, दोघांचे 12-12 टक्के. हातात येणारी रक्कम थोडी कमी होईल म्हणून बऱ्याच जणी कचरतात, हे मी पाहिलंय. पण आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईचाही पीएफ कापला जातो. शर्ट शिवणारीने का मागे राहावं? ग्रॅच्युइटी तर तुमची उभी आहे. 10,400 ला 26 ने भागलं की 400, त्याचे 15 दिवस म्हणजे वर्षाला 6,000. 12 वर्षांचे 72,000. कामगार कायद्यांची नावं 2019 आणि 2020 च्या श्रम संहितांमुळे बदलली, हे हक्क गेलेले नाहीत.

पाळकसाहेबांनी करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवलं. तो अध्याय त्यांनी आठव्या वचनापर्यंत वाचावा, ही माझी कळकळीची विनंती. तिथे पौल अन्याय करणाऱ्यालाच धरतो : तुम्ही नाडता, आणि तेही भावांना! त्या वचनाचा धाक फक्त जिची मजुरी अडली तिलाच दाखवायचा, ज्याने अडवली त्याला नाही, हे मला पटत नाही. शिवाय तीस जणींतल्या बहुतेक आपल्या मंडळीतल्या नसतील, त्यांना हा नियम लागूच कुठे होतो? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय. तो तुमच्या भाऊबंदांपैकी असो की तुमच्या गावात राहणारा परका. तुमच्या मैत्रिणीला हेच सांगा : आमच्यात असं असू नये, आणि तुझी मजुरी माझ्याइतकीच देवासमोर मोजली जाते.

विश्वास ठेवणाऱ्या मालकांनी कायद्याच्या पुढे पाऊल टाकल्याची उदाहरणं आहेत. इंग्लंडात यॉर्कला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जोसेफ राउंट्री यांनी आपल्या चॉकलेट कारखान्यात 1906 मध्ये पेन्शन सुरू केली. तिथल्या सरकारचा म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा आला 1908 मध्ये. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या परिपत्रात लिहिलं की गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. तुमचे मालक "तुम्हीच तर हो म्हणालात" म्हणतील, तेव्हा हे आठवू द्या.

आता काय करायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला क्रम मला योग्य वाटतो. आधी एकट्या जाऊन बोला, पगार झाल्यानंतरच्या दिवशी, मालक निवांत असताना. त्या ऑपरेशनच्या मदतीचे आभार माना आणि त्याच बैठकीत ईएसआयचं विचारा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर दोन-तीन जणी मिळून जा, त्यात एक तरी मंडळीबाहेरची हवी. तेव्हा अर्ज लेखी न्या : 7 तारखेच्या आत पगार, पगाराची स्लिप, पीएफ-ईएसआयची नोंदणी, दशांशाची कपात बंद. दोन प्रती करा, एकीवर तारीख घालून पोच घ्या. मग मंडळीच्या पंचांसमोर विषय ठेवा, पण त्या बैठकीत मालकांनी पंच म्हणून बसायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. महिनाभरात काही हललं नाही तर कामगार आयुक्तांचं आणि पीएफचं कार्यालय सोलापुरातच आहे. तिथे जाणं म्हणजे मालकाशी वैर नव्हे.

मधल्या काळात एक वही करा. रोज किती पीस, कोणता दर, प्रार्थना किती वाजता सुटली, पगार कोणत्या तारखेला किती मिळाला, दशांशाचे किती गेले. मैत्रिणीलाही करायला सांगा, तेलुगूत लिहिली तरी चालेल. अर्ज तयार झाला की त्याची आणि वहीच्या पानांची प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. आकडे मी तपासून देते.