तारण आणि आज्ञापालन

प्रश्न : तारण, म्हणजे पापापासून सुटका, केवळ देवाच्या कृपेने मिळते, तर आज्ञा पाळण्याची गरज काय?

उत्तर : बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आठव्या व नवव्या वचनांत, तारण कर्मांनी मिळत नसून ते देवाचे दान आहे असे सांगितले आहे, आणि लगेच दहाव्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असेही म्हटले आहे, पण पुष्कळांचे पाठांतर नवव्या वचनापाशीच थांबते. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या पश्चात्तापी गुन्हेगाराला आज्ञा पाळून दाखवण्यास अवधीच नव्हता, तरीही येशूने त्याला सुखलोकाचे आश्वासन दिले. त्यामुळे आज्ञापालनाला तारणाचे मोल मानता येत नाही. ते तारणाचे फळ आहे. मात्र ज्याला अवधी मिळाला आहे त्याने त्या गुन्हेगाराचा दाखला पुढे करू नये, कारण कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोब नव्या करारातील आपल्या पत्रात बजावतो. याच वादावरून दुरावलेल्या कॅथलिक व लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतील प्रोटेस्टंट) मंडळ्यांनी १९९९ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा सत्कृत्ये ही नीतिमान ठरवले जाण्याची, म्हणजे देवाने निर्दोष म्हणून स्वीकारण्याची, फळे आहेत, हे दोघांनीही मान्य केले.