वाचकांचे प्रश्न : अभयारण्यातील कोळ्यांचे सर्वेक्षण

संरक्षित वनक्षेत्रातील कोळ्यांच्या नोंदींविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा निसर्गप्रेमींचा गट एका अभयारण्यातील पायवाटांवर फिरून कोळ्यांची छायाचित्रे घेतो. आमच्या यादीत आता ऐंशीहून अधिक प्रकार झाले आहेत. ‘कोळ्यांच्या विविधतेचे सर्वेक्षण’ या नावाने ती व्यवस्थापनाला सादर करावी का?

उत्तर : यादी अवश्य सादर करावी, ‘सर्वेक्षण’ हे नाव मात्र तिला देऊ नये. यादीवरून काय आढळले ते कळते, पण ते किती शोधल्यावर आढळले हे कळत नाही आणि दोन वनांची किंवा एकाच वनाच्या दोन काळांची तुलना करायची झाल्यास नेमके तेच लागते. काही वर्षांनी दुसऱ्या गटाला त्याच वाटांवर साठच प्रकार आढळले, तर कोळी घटले की शोधणारे कमी पडले, याचा उलगडा आपल्या यादीवरून कोणालाही करता येणार नाही.

दुसरी अडचण पायवाटेचीच आहे. वाटेच्या कडेला मोकळी जागा आणि ऊन असते, उडणारे कीटक तिथून ये-जा करतात, त्यामुळे चक्राकार जाळी विणणाऱ्या मोठ्या कोळ्यांना ती जागा मानवते आणि आपल्यालाही त्यांची जाळी डोळ्यांच्या उंचीवर आयती दिसतात. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली नेफिला पिलिपेस ही प्रजाती अशा याद्यांमध्ये सहसा सुटत नाही, ती याचमुळे. तिच्याच जाळ्यात बसलेला इवलासा नर मात्र पुष्कळदा नजरेतून निसटतो. पालापाचोळ्यात राहणारे दोन-तीन मिलिमीटरचे कोळी, झाडांच्या सालीखाली दडणारे आणि रात्रीच बाहेर पडणारे कोळी पायवाटेवरच्या यादीत जवळजवळ नसतातच. वनातील कोळ्यांच्या विविधतेचा मोठा भाग याच मंडळींचा असतो.

या अडचणींवर १९९१ मध्ये कोळ्यांचे अभ्यासक जोनाथन कॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातील वनांसाठी एक कार्यपद्धती मांडली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अनेक पद्धती तिच्यावरच उभ्या आहेत. नमुना वेळेने मोजायचा, हे तिचे मर्म आहे. एका व्यक्तीने एका पद्धतीने एक तास केलेला शोध म्हणजे एक नमुना. त्या तासात गुडघ्यापासून वर हात पोहोचेल तिथपर्यंतच शोधायचे, किंवा गुडघ्याखाली जमिनीपर्यंतच शोधायचे, किंवा फांद्या काठीने झोडपून खाली धरलेल्या कापडावर पडणारे कोळी गोळा करायचे. पद्धत मध्येच बदलायची नाही. गवतासाठी जाळीने झाडणी करावी आणि पालापाचोळा ठरावीक प्रमाणात चाळावा. यांतील प्रत्येक पद्धत दिवसा वापरावी आणि शक्य तिथे रात्रीही. रात्रीचे काम टाळल्यास नुकसान मोठे होते, कारण चक्राकार जाळे विणणाऱ्या कितीतरी प्रजाती संध्याकाळी जाळे विणतात आणि पहाटेपूर्वी ते गुंडाळून खाऊनही टाकतात. शिवाय लांडगा कोळ्यांचे डोळे विजेरीच्या प्रकाशात चमकतात. विजेरी कपाळाला बांधली, की दिवसा न दिसणारे कोळी रात्री दुरूनही ओळखू येतात.

आपल्या गटाने प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, पद्धत, शोधणाऱ्याचे नाव, अधिवास आणि हवामान एवढे लिहिले, तरी पुढच्या हंगामापासून आपल्या कामाला सर्वेक्षण म्हणता येईल. ज्या तासात काहीच सापडले नाही तो तासही लिहावा. हौशी नोंदवह्यांत नेमका हाच तास गाळलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी जमिनीत पुरून ठेवायचे पिटफॉल सापळे वापरणार आहे. केवळ त्यांवर विसंबता येईल का? त्यांत कोणता द्रव घालावा?

उत्तर : केवळ त्यांवर विसंबू नये. पिटफॉल सापळा म्हणजे काठ जमिनीशी समपातळीत येईल असा पुरलेला पेला. त्यात चालणारा प्राणी पडतो, बसून राहणारा पडत नाही. म्हणून सापळ्यातील संख्येत त्या कोळ्यांची विपुलता आणि त्यांची हालचाल या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. विणीच्या काळात नर माद्यांच्या शोधात भटकू लागतात, तेव्हा सापळे नरांनी भरतात. त्यावरून त्या वनात माद्या दुर्मीळ आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. दाट गवतात चालणे अवघड असल्याने तिथे सापळ्यात कमी कोळी येतात, प्रत्यक्षात ते तिथे अधिक असले तरीही. पेला पुरताना माती उकरली जाते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांची आवकही नेहमीपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून सापळे आधी पुरून, झाकण लावून काही दिवस तसेच ठेवावेत आणि मग उघडावेत.

द्रवाच्या बाबतीत संरक्षित क्षेत्रात तडजोड नको. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वापरले जाणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि सस्तन प्राण्यांना विषारी असते. त्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरावे. द्रवाचा पृष्ठताण मोडण्यासाठी बिनवासाच्या साबणाचे एक-दोन थेंब पुरतात. पेल्यावर पावसापासून बचाव करणारे छप्पर थोड्या उंचीवर असावे आणि तोंडावर अशी जाळी असावी की कोळी आत पडतील, परंतु बेडूक, पाली आणि चिचुंद्र्या पडणार नाहीत. परवानगीच्या अर्जात सापळ्यांची संख्या, ते उघडे राहण्याचा काळ आणि कोळ्यांखेरीज सापडणाऱ्या प्राण्यांचे काय करणार, हे स्पष्ट लिहावे. सापळ्यात आलेले भुंगेरे आणि मुंग्या टाकून देऊ नयेत. त्यांचा अभ्यास करणाऱ्या कोणाला तरी ते नमुने आधीच कबूल करून ठेवावेत.

प्रश्न : उत्तम कॅमेरे आणि डीएनए तपासणी उपलब्ध असताना अभयारण्यातले कोळी मारून जमवण्याची गरजच काय?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रजातीनुसार बदलते. काही कोळी स्पष्ट छायाचित्रावरून निश्चित ओळखता येतात. त्यांना हात लावण्याचे कारण नाही. परंतु बहुसंख्य प्रजातींची खूण मादीच्या पोटाखालच्या एपिगाइन या जननेंद्रियाच्या रचनेत आणि नराच्या पाल्प या स्पर्शकाच्या टोकाच्या रचनेत असते. ती पाहायला सूक्ष्मदर्शकच लागतो. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण एकाच प्रजातीत रंग बदलतात आणि वेगवेगळ्या प्रजातींचे रंग हुबेहूब जुळतात. डीएनएचा क्रम मिळाला, तरी तो ज्याच्याशी ताडून पाहायचा, असा नीट ओळखलेल्या नमुन्याचा क्रम आधी नोंदलेला असावा लागतो. तसा तो नसेल, तर हाती नाव येत नाही, नुसता क्रम येतो.

आमचे मत असे, की घ्यावेत ते प्रौढ, मोजके आणि ठरलेल्या प्रमाणातच. पिल्लांचे जननेंद्रिय तयार झालेले नसते, त्यामुळे बहुतेकदा ती कुळापर्यंत किंवा फार तर वंशापर्यंत ओळखता येतात. आणि एका तासाच्या नमुन्यात पिल्लेच निम्म्याहून अधिक असणे नवलाचे नाही. त्यांची संख्या कुळानुसार लिहावी, प्रजातींच्या गणतीत ती धरू नयेत. जवळजवळ प्रौढ झालेला कोळी डबीत ठेवून शेवटची कात टाकेपर्यंत सांभाळता येतो. त्यात कष्ट आहेत, पण प्रश्न सुटतो. घेतलेला नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. डीएनएसाठी एक पाय वेगळा काढून ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये, थंड जागी ठेवावा. चिठ्ठी बाटलीच्या आत असावी, कारण बाहेर चिकटवलेली आज ना उद्या सुटते.

ज्याचे नाव निश्चित होत नाही त्याला ‘अमुक वंश, प्रजाती १’ असा क्रमांक द्यावा. पुस्तकातल्या चित्राशी ‘बरेचसे जुळते’ म्हणून दिलेल्या नावापेक्षा हा क्रमांक कितीतरी उपयुक्त असतो. नाव निश्चित झाले, तरी बर्न येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’मध्ये ते आज ग्राह्य आहे का, हे पाहावे, या सूचीने एप्रिल २०२२ मध्ये ५०,००० प्रजातींचा टप्पा ओलांडला आणि जुन्या पुस्तकांतील कितीतरी नावे आता बदलली आहेत. (जाता जाता : प्राण्यांची शास्त्रीय नावे १७५८ च्या लिनियसच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, परंतु कार्ल क्लर्कने १७५७ मध्ये दिलेल्या कोळ्यांच्या नावांना त्यातून खास सूट आहे.)

प्रश्न : दर फेरीत नवीन प्रजाती सापडतच राहतात. सर्वेक्षण पुरे झाले असे कधी समजावे?

उत्तर : कोळ्यांच्या बाबतीत ‘सर्व सापडले’ असा दिवस सहसा उगवत नाही. उष्ण कटिबंधातील संधिपाद प्राण्यांच्या सर्वेक्षणांत सरासरी सुमारे एक तृतीयांश प्रजातींचा एकेकच नमुना मिळतो, असे कॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. त्या प्रजाती खरोखर दुर्मीळ आहेत असे समजण्यापूर्वी आपला शोध अपुरा होता असे समजावे, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटते.

म्हणून सापडलेल्या आकड्यासोबत अंदाजही द्यावा. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेले सूत्र कागदावरही सोडवता येते. एकदाच सापडलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करावा, त्याला दोनदा सापडलेल्या प्रजातींच्या दुपटीने भागावे आणि उत्तर एकूण सापडलेल्या प्रजातींत मिळवावे. समजा, १२० प्रजाती सापडल्या, त्यांपैकी ४० एकदाच आणि २० दोनदाच सापडल्या, तर १,६०० ला ४० ने भागून ४० येतात, म्हणजे अंदाज १६० चा. हा अंदाज किमान मर्यादेचा असतो; प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असू शकते. आपल्या १२० प्रजाती या अंदाजाच्या ७५ टक्के झाल्या. आणखी नमुने घेऊनही एकेकट्या प्रजातींचे प्रमाण घटत नसेल, तर थांबू नये. पैसा किंवा परवानगीची मुदत संपल्याने थांबावे लागले, तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

हंगामही विसरू नये. वर्षातून एकाच महिन्यात कितीही तास घातले, तरी ज्या प्रजाती त्या वेळी अंड्यांच्या किंवा पिल्लांच्या अवस्थेत असतात, त्यांची ओळख पटणार नाही.

प्रश्न : हे काम करताना कोळी चावण्याचा धोका कितपत असतो?

उत्तर : फारच थोडा. बहुतेक कोळी पळ काढतात आणि अनेकांचे दात माणसाच्या त्वचेत शिरतच नाहीत. दगड किंवा ओंडका उचलताना हातमोजे घालावेत, ते मुख्यतः विंचू आणि सापांसाठी. उचललेला दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवावा.

प्रश्न : आम्हाला झाडाच्या ढोलीत राहणारा एक मोठा, केसाळ कोळी आढळला. अहवालात त्याचे नेमके ठिकाण द्यावे का?

उत्तर : जाहीर अहवालात देऊ नये. भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या पोसिलोथेरिया वंशातील वृक्षवासी टॅरंटुला कोळ्यांना पाळणाऱ्यांच्या बाजारात मोठी मागणी असल्याने २०१९ मध्ये संपूर्ण वंश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आला. आपला कोळी त्यांपैकी असेल, तर ठिकाण प्रसिद्ध करणे म्हणजे तो पकडणाऱ्याला वाट दाखवणे होय.

तरीही ठिकाणाची नोंद आपल्याकडे अचूकच हवी. याच वंशातील निळ्या रंगाच्या पोसिलोथेरिया मेटॅलिका या प्रजातीचे वर्णन रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये आंध्रातील गुत्ती येथे मिळालेल्या एकाच नमुन्यावरून केले. तो रेल्वेच्या लाकडांच्या साठ्यात सापडला होता आणि बहुधा लाकडाबरोबरच तिथे आला असावा. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ही प्रजाती कोणाला दिसली नाही. २००१ मध्ये ती नंद्याल आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या वनात पुन्हा आढळली. संग्रहालयातील नमुन्याच्या चिठ्ठीवर आणि व्यवस्थापनाला द्यायच्या गोपनीय प्रतीत आपण अक्षांश-रेखांश पूर्ण द्यावेत. जाहीर अहवालात फक्त अभयारण्याचे नाव आणि अधिवासाचा प्रकार लिहावा. छायाचित्रांच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपोआप नोंदलेले ठिकाणही ती इतरांना पाठवण्यापूर्वी काढून टाकावे.