सात शहरं की तीन?

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात आम्ही सहाजण युरोपला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ६८ आणि मामंजी ७२ वर्षांचे. एका टूरवाल्यांनी १२ दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम असा कार्यक्रम दिलाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पण ह्यांचं म्हणणं, पुन्हा काही आपलं जाणं व्हायचं नाही, तेव्हा एकदाच सगळं बघून घेऊ. तुम्ही काय सांगाल?
— सौ. वि. जा., शाहूपुरी, सातारा

उत्तर : तीन शहरं करा. पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, रोमला चार. बाकीची चार नावं आत्ताच खोडून टाका.

हे मी अंदाजानं सांगत नाही. २०१६ साली आम्हीही अशाच सात शहरांच्या सहलीला गेलो होतो. माझ्या सासूबाई तेव्हा सत्तरीच्या. पहाटे साडेपाचला उठायचं, बॅगा दाराबाहेर काढून ठेवायच्या, सातला बस. दुपारी एखाद्या गावात उतरायचं, फोटो काढायचे आणि पाऊण तासात परत बसमध्ये. दुसऱ्याच दिवशी त्यांचे पाय सुजले. तिसऱ्या दिवसापासून त्या म्हणायला लागल्या, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच." रोममध्ये आम्ही कलोसियम बघत होतो, तेव्हा त्या बसच्या खिडकीशी मांडीवर पर्स घेऊन बसून होत्या. साताऱ्याला परत आल्यावर शेजारणी विचारायच्या, "काकू, काय काय पाहिलंत?" त्या म्हणायच्या, "छान होतं सगळं." त्यापुढं एक शब्द नाही. आज त्या नाहीत, पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. कलोसियमला लिफ्ट आहे, हे मला सात वर्षांनी, २०२३ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं.

म्हणून तुमच्या यजमानांना माझ्या वतीनं एवढंच विचारा : 'सगळं बघून घेऊ' म्हणताना त्यात आई धरली आहे ना?

सात शहरं म्हणजे सहा वेळा बिऱ्हाड उचलायचं. सहा माणसांच्या बॅगा भरा, मुलाचा एक मोजा शोधा, मामंजींच्या गोळ्यांचा डबा वर ठेवलाय की खाली ते बघा, स्टेशन गाठा, नव्या गावी उतरा, तर खोली दुपारी तीनशिवाय मिळत नाही. प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. बारातले तीन दिवस तिथंच गेले की!

विमानाचं तिकीट जाताना पॅरिसचं आणि येताना रोमहून काढा. उलटं पॅरिसला यायचं कारण नाही. मधला सगळा प्रवास रेल्वेनं. पॅरिसहून बासेल तीन तास, तिथून ल्युसर्न तासाभरावर. पुढे मिलानला गाडी बदलून रोम. हा दिवस लांबचा आहे, पण मुलं कंटाळणार नाहीत. ल्युसर्न सोडल्यावर गाडी आल्प्सच्या पोटात शिरते. गोथार्डचा हा बोगदा ५७ किलोमीटरचा, जगातला सगळ्यांत लांब रेल्वे बोगदा, २०१६ साली सुरू झाला. आपल्या खंबाटकीच्या बोगद्याची सवय असलेल्या मुलाच्या हातात घड्याळ द्या आणि मोजायला सांगा. इकडे जर्मन बोलणारी माणसं आणि पलीकडे बाहेर पडलं की पाट्या इटालियन. मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, पण पर्वत भाषा कशी अडवतो ते त्या वीसेक मिनिटांत मला जेवढं पटलं, तेवढं कुठल्या नकाशानं पटवलं नव्हतं.

पॅरिसमध्ये मेट्रोच्या मोहात पडू नका. जुनी स्थानकं जिन्यांनी भरलेली आहेत आणि लिफ्ट फार थोड्या ठिकाणी. सासूबाईंना बसनं न्या. बसची पायरी रस्त्याला टेकते आणि शहरही दिसतं. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे आधी कॅलेंडरवर लिहा. १८ वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट पडत नाही, पण वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी लागते. चाकाची खुर्ची तिथं फुकट मिळते. मागायला लाजू नका आणि सासूबाईंनाही लाजू देऊ नका. आयफेल टॉवरला (१८८९ चा आहे तो) दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. मुलीला आणि तिच्या बाबांना त्या चढू दे, तुम्ही बाकीचे लिफ्टनं जा आणि वर भेटा. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला टॉवर पाच मिनिटं चमचम करतो. पण मे महिन्यात तिथं सूर्य मावळायलाच साडेनऊ वाजतात, म्हणून त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी झोपा काढायच्या. नोत्र दामचं चर्च एप्रिल २०१९ मध्ये जळालं होतं. ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत.

एक सकाळ मात्र काहीही न बघता लक्झेंबर्ग बागेत काढा. तिथं हिरव्या लोखंडी खुर्च्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. वाटेल तिथं ओढून बसायचं. २०२३ ला मी तिथं दीड तास बसले होते. मध्ये एक आजीबाई नातवाला तळ्यात छोटी होडी सोडायला शिकवत होत्या. माझ्या सासूबाईंना हे किती आवडलं असतं!

ल्युसर्नला लाकडी पूल आहे, चौदाव्या शतकातला. १९९३ च्या आगीत त्याचा बराच भाग गेला, तो पुन्हा बांधला. आल्प्समधल्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीचं नाव सगळे घेतात, पण ते ३,४५४ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. तिथली हवा विरळ आहे. मामंजींना रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्यायचं नाही. मी तुम्हाला रिगीचा डोंगर सुचवीन. ल्युसर्नहून बोटीनं व्हिट्झनाउ, तिथून दात्यांच्या रुळावरची गाडी १,८०० मीटरच्या आसपास नेते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. वर बर्फाच्छादित आल्प्सची रांग समोर, आणि चालणं जवळजवळ नाहीच. स्विस ट्रॅव्हल पास काढलात तर त्यात बोट आणि रिगी दोन्ही आलं, शिवाय १६ वर्षांखालच्या मुलांचं फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या. तिथं युरो नाही, फ्रँक चालतो.

रोममध्ये रस्ते दगडी फरसबंदीचे. नवे बूट तिथं पहिल्यांदा घालू नका. आत्तापासून रोज पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत त्याच बुटांनी चाला, सासूबाईंनाही जमेल तेवढं चालवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, कोपऱ्याकोपऱ्यावर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. व्हॅटिकनचं संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद, पण त्या दिवशी प्रवेश फुकट म्हणून गर्दीही तशीच. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा मुलीची अर्धी चड्डी त्या दिवशी नको.

रोजचा नियम एकच ठेवा. सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर, संध्याकाळी जवळपास फेरफटका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मेतकूट-भात खाऊन झोपलेली आजी दुसऱ्या दिवशी ताजी असते.

व्हिसाचं सांगते. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली हे तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, म्हणून व्हिसा एकच. जिथं मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. तुमचा पॅरिस आणि रोम सारखाच, मग जिथून आत शिरणार तो देश, म्हणजे फ्रान्स. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज घेतात, तेव्हा मेची गर्दी व्हायच्या आत पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. तुमची मुलगी मोठ्यांत धरली जाईल, म्हणजे एकूण ४९५ युरो झाले, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणि विमानतळावर सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची प्रवासाच्या ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. तिचे पैसे पडत नाहीत.

प्रश्न : भाचा म्युनिकला असतो. त्याच्यासाठी कंदी पेढे आणि हापूस न्यावा म्हणते. चालेल का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नाही हो. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे खवाच. विमानतळावर काढून घेतात आणि फेकून देतात, ते बघवत नाही. ताज्या फळांना शेतीखात्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसही राहू दे. केळी, अननस, खजूर आणि नारळ तेवढे त्यातून सुटलेत. नारळ न्या, भाचा चटणी करील. सोबत सांगलीचं भडंग आणि थालीपीठाची भाजणी द्या. भाजणीच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा.

प्रश्न : तिकडे पाकीटमार फार, असं ऐकते. पैसे कुठं ठेवायचे?
— श्रीमती क. दे., वाई

उत्तर : पॅरिसची मेट्रो, आयफेलच्या पायथ्याची गर्दी आणि रोमचं तेर्मिनी स्टेशन, इथं खरंच सांभाळावं लागतं. कुणी सह्या मागायला कागद पुढं केला, मनगटाला दोरा बांधायला आलं, तर थांबायचं नाही, बोलायचंही नाही. मी निघण्याआधी शिंप्याकडून परकराला आतून चेनचा खिसा शिवून घेतला होता. त्यात पासपोर्ट, एक कार्ड आणि दोनशे युरो. वरच्या पर्समध्ये फक्त त्या दिवसाच्या चहापाण्याचे. सलवार असेल तर नेफ्याच्या खाली शिवून घ्या, आणि चेन वरून नको, आडवी लावायला सांगा.