मुंबई-न्यूयॉर्क : जाताना सोळा तास, येताना चौदा का?

प्रश्न : माझा झील न्यूयॉर्कला असतो, यंदा गणपतीला येतोय. तो म्हणतो तिकडे जाताना विमानाला सोळा तास लागतात आणि इकडे येताना चौदाच, अंतर तर तेवढंच ना? शिवाय विमान सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेला का चढतं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : काकी, आधी उत्तरेचं बघू. एक गोल कलिंगड घ्या, देठ वर करून ठेवा आणि मधल्या रेघेच्या थोडं वर एका बाजूला मुंबईची खूण करा, जवळजवळ पाठीमागच्या बाजूला, जरा अजून वर, न्यूयॉर्कची, आणि मग दोन्ही खुणांमध्ये सुतळी ताणून धरा. ती आडवी राहातच नाही, आपोआप देठाकडे सरकते! पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच, साधारण 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात जी सरळ रेघ दिसते ना, तिच्यावरून गेलं तर उलट दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्तच पडतील. अर्थात प्रत्यक्षात वारा बघून आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे ते बघून रस्ता रोज थोडा बदलतो.

आता वेळेचं. बरेच जण सांगतात पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, पण ते खरं नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवापण फिरतेच. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्या वर जातात. विमानाचा स्वतःचा स्पीड ताशी 900च्या आसपास, मग येताना वारा पाठीवर मिळतो आणि जाताना त्याच्याशी भांडत जावं लागतं, तुमच्या देवगडच्या बंदरात कुठल्याही तांडेलाला विचारा, वारा समोरून असला की होडीला किती वेळ जास्त लागतो ते.

घड्याळाचा घोळ वेगळाच. गणपतीच्या दिवसात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (थंडीत साडेदहा). म्हणजे तो तिकडून सकाळी 11ला निघाला तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास उतरेल, प्रवास चौदा तासांचा पण कॅलेंडरवर एक दिवस गेलेला. त्यामुळे तिकीट बघताना पोचायची तारीख नीट बघायला सांगा, घोटाळा नेमका तिथेच होतो.

आणि एक मनापासून सांगते, मुंबई ते कणकवली रेल्वेचे आठ-नऊ तास आणि पुढे देवगडपर्यंतचा रस्ता विसरू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालू असतं, गाड्या सावकाश धावतात आणि गणपतीची गर्दी तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून त्याला चतुर्थीच्या निदान दोन दिवस आधी मुंबईत उतरू द्या आणि गाडीचं रिझर्व्हेशन विमानाच्या तिकिटाच्या आधी बघा.