आगळ-आमसुलं विकायची तर व्हिडिओ कसले करायचे?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. चिपळूणजवळ तुम्ही आणि जाऊबाई मिळून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी करता. गेल्या वर्षी एकाकडून ड्रोन वगैरे उडवून दीड मिनिटाची जाहिरात करून घेतलीत, नातेवाइकांनी भरभरून अंगठे दिले, ऑर्डरी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. आता चांगला कॅमेरा घ्यावा, एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे द्यावेत, की हा नादच सोडून द्यावा? आधी थोडक्यात सांगतो: कॅमेरा नको, इन्फ्लुएन्सर इतक्यात नको, आणि नाद तर मुळीच सोडू नका, कारण रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम तोंडावर आलाय.

तुम्ही लिंक दिलेली जाहिरात पाहिली. नदी छान दिसते, धुकं छान दिसतं, बासरी वाजते, मग एक भारदस्त आवाज ‘परंपरेची चव, मातीचा सुगंध’ असं काहीतरी म्हणतो. बाटली येते अगदी शेवटी, तीही बंद. हाच आवाज आणि हीच नदी उद्या तुपाच्या, पापडाच्या किंवा एखाद्या रिसॉर्टच्या जाहिरातीला लावली तरी कुणाला काही खटकणार नाही. बघणाऱ्याला कोकण आवडलं, पण आगळ का घ्यायचं आणि त्याचं करायचं काय, हे त्याला कळलंच नाही. मी गेली काही वर्षं पुण्यात घरगुती उद्योगांना व्हिडिओ करून देतो, त्यातले बरेच खाद्यपदार्थवाले असतात. जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक जाहिरात आधीच असते.

आता एक काम करा. व्हॉट्सअॅप उघडा आणि गेल्या हंगामातल्या गिऱ्हाइकांचे मेसेज वरपासून वाचत जा. ऑर्डर देण्याआधी त्यांनी काय काय विचारलं ते वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. मला न बघताही अंदाज आहे: आगळात साखर असते का? आगळ आणि कोकम सरबत एकच ना? तळाला गाळ बसलाय, खराब झालं का? रंग घालता का? एका बाटलीत किती जणांची सोलकढी होते? फ्रिज लागतो का? पुण्यापर्यंत बाटली फुटणार नाही ना? हे लोक पैसे द्यायला तयार होते, फक्त कुठेतरी अडले होते. एकेक प्रश्न म्हणजे एकेक व्हिडिओ. तुम्ही फोनवर जे उत्तर रोज देता तेच कॅमेऱ्यासमोर, बाटली उघडून, ओतून, ढवळून दाखवायचं. पटकथा लिहायला माणूस लागत नाही.

आगळ आणि सरबताचाच प्रश्न घ्या. तुम्हाला तो बाळबोध वाटेल, पण घाटावर निम्म्या लोकांचा यात गोंधळ असतो. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सरबताचा पाक साखरेतला. एखाद्याने आगळाची बाटली मागवली, पाण्यात घालून घोट घेतला की तोंड खारट, आणि मग तुम्हाला रेटिंगमध्ये एकच तारा. तेव्हा हा व्हिडिओ नवं गिऱ्हाईक आणतो आणि तक्रारही वाचवतो. तो साधारण असा होईल:

(काचेचे दोन पेले, दोन्हींत लालभडक रस. हात दिसतोय, चेहरा नसला तरी चालेल.)
“हे दोन्ही कोकमच. पण यातलं एक पाण्यात घालून प्यालात तर तोंड वाकडं होईल.”
(पहिल्या पेल्याकडे बोट.) “हे आगळ. यात मीठ आहे, साखर नाही. हे सोलकढीसाठी.”
(नारळाच्या दुधात चमचाभर ओतताना, रंग गुलाबी होताना अगदी जवळून.)
“आणि हे सरबत. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सुटतो तो पाक. यात पाणी घाला आणि प्या.”
“आगळ हवं असेल तर व्हॉट्सअॅपवर ‘आगळ’ एवढंच लिहून पाठवा.”

बस. अर्ध्या मिनिटाचा मामला. रीलला आणि यूट्यूब शॉर्टला आता तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ती वापरायलाच हवी असं नाही. पहिलं वाक्य नीट बघा, त्यात नमस्कार नाही, आपलं नाव नाही, ‘आज आपण पाहणार आहोत’ नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तर आधी नमस्कार करतो हे खरं, पण इथे बघणाऱ्याचा अंगठा पुढच्या रीलवर सरकायला टपलेला असतो. नाव बाटलीच्या लेबलवर दिसतंच की.

‘तोंड वाकडं होईल’ हे मुद्दाम लिहिलंय. कॅमेरा सुरू झाला की आपल्याकडची माणसं अचानक आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखी बोलायला लागतात. तसं करू नका. तुमच्या बोलण्यातला चिपळूणचा हेल तसाच राहू दे. तुमची गिऱ्हाइकं मुंबई-ठाण्यातले चाकरमानी आहेत, त्यांना हा आवाज ऐकला की गावची चुलती बोलतेय असं वाटतं. दीड मिनिटाची बासरी ते काम करू शकत नाही. जाऊबाई कॅमेऱ्यापुढे लाजतात असं तुम्ही लिहिलंय. लाजू देत. त्यांचे हात दाखवा. खाण्याच्या व्हिडिओत हातच बघायला आवडतात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तुमच्या हातातला फोन पुरे. मागचा कॅमेरा वापरायचा, सेल्फीचा नाही. भिंग आधी सुती कापडाने पुसायचं. स्वयंपाकघरातल्या फोनच्या भिंगावर तेलाचा थर असतोच, आणि धुरकट दिसणाऱ्या निम्म्या व्हिडिओंचं कारण तेच. फोन उभा धरायचा. वस्तूवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, नाहीतर हात मध्ये आला की चित्र उजळतं-काळवंडतं. उजेड खिडकीचा, तोही एका बाजूने. ट्यूबलाइट बंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, फोनच्या वेगाशी तिचा मेळ बसला नाही की पडद्यावर पट्ट्या सरकताना दिसतात. शिवाय ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात आगळाचा लाल रंग मळकट जांभळा होतो, आणि तुमचं अर्धं भांडवल तो रंगच आहे. काचेच्या पेल्यामागून ऊन येऊ द्या, मग बघा.

पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. थोडं अंधुक चित्र लोक सहन करतात, घुमणारा आवाज करत नाहीत. वायरचा साधा कॉलर माइक काही शेकड्यांत मिळतो. पंखा बंद, मिक्सर बंद, पत्र्यावर पाऊस पडत असेल तर त्या दिवशी राहू दे. याहून सोपं म्हणजे चित्रण आधी करून घ्या, आणि आवाज नंतर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसून वेगळा रेकॉर्ड करा. कपडे घुमारा शोषून घेतात.

आवाज चांगला झाला तरी पडद्यावर अक्षरं हवीतच, कारण लोकलमध्ये, ऑफिसात माणसं आवाज बंद करून बघतात. आपोआप उमटणाऱ्या मराठी मजकुरावर विसंबू नका, ‘रातांबे’, ‘आगळ’ असल्या शब्दांची तो वाट लावतो. हाताने टाइप करा, जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते बघा, आणि अक्षरं पडद्याच्या अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला ठेवू नका, तिथे अॅपची बटणं येतात. एडिटिंगला यूट्यूब क्रिएट किंवा इन्स्टाग्रामचं एडिट्स हे अॅप पुरेसं आहे, दोन्ही फुकट.

गाण्यांबाबत एक इशारा. बिझनेस खात्यावर चालू हिट गाणी सहसा मिळत नाहीत, आणि बाहेरून आणून चिकटवली तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ उडतो. आगळ ओतल्याचा, कुळीथ जात्यावर भरडल्याचा, फणसपोळी ताटावरून सोलून काढल्याचा आवाज ठेवा. याहून चांगलं संगीत मला तरी सुचत नाही. हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं.

आता तोंडाला लगाम कुठे घालायचा ते. ‘कोकमाने वजन उतरतं’, ‘पित्त मुळापासून जातं’, ‘शुगर कंट्रोल’ असले व्हिडिओ धो धो चालतात आणि तुम्हालाही कुणीतरी ते करायला सांगेल. करू नका. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) 2018 चे नियम आहेत. रोग बरा करण्याचा दावा त्यात बसत नाही, आणि ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांनाही अटी आहेत. आजी काय म्हणायची हे घरात सांगायचं, लेबलवर आणि व्हिडिओत नाही. त्याऐवजी लेबलवरचा तुमचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक जवळून दाखवा. ‘बाजारातलं आगळ भेसळीचं असतं’ हाही मोह टाळा. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपल्या मालावर विश्वास बसत नाही, उलट बघणारा सगळ्याच आगळाकडे संशयाने बघायला लागतो.

व्हिडिओ टाकायचा कुठे? जिथे तुमची गिऱ्हाइकं आधीच आहेत तिथे, म्हणजे आधी व्हॉट्सअॅप स्टेटसला. फक्त एक अडचण आहे: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच स्टेटस दिसतं. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा, फणसपोळी कधी निघते ते स्टेटसला कळेल’ अशी चिठ्ठी टाका. मग तोच व्हिडिओ इन्स्टाग्राम आणि शॉर्ट्सवर. तिथे मजकुरात लिंक टाकून उपयोग नसतो. रीलखालची लिंक दाबता येत नाही, शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकांची सोय ऑगस्ट 2023 च्या अखेरीस यूट्यूबने काढून टाकली. तेव्हा नंबर पडद्यावरच मोठ्या आकड्यांत लिहा. भावही सांगा, ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ वाचून माणूस निघून जातो. पण भाव तोंडाने बोलू नका, खालच्या मजकुरात लिहा. पुढच्या वर्षी तो बदलेल तेव्हा मजकूर बदलता येतो, आवाज बदलता येत नाही.

एखादा आडवा, जरा लांब व्हिडिओ यूट्यूबसाठी वेगळा करा: आगळाची सोलकढी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. रील आठवड्यात विझते, पण सोलकढी कशी करायची हे लोक यूट्यूबवर वर्षानुवर्षं शोधत राहतात. शीर्षक देवनागरीत द्या आणि त्यालाच जोडून रोमन लिपीतही, कारण मराठी माणूस शोधताना बऱ्याचदा रोमनमध्येच टाइप करतो.

‘आगळ’ लिहून पाठवा, असं वर म्हटलं त्याला कारण आहे. कुळथाच्या व्हिडिओत ‘पीठ’ पाठवायला सांगा, पॅकिंगच्या व्हिडिओत ‘पार्सल’. मग आलेल्या मेसेजवरून कुठल्या व्हिडिओने गिऱ्हाईक आणलं ते समजतं. व्ह्यूजच्या आकड्याकडे फार बघू नका. इंदूरच्या कुणीतरी तुमचं रील बघून बदाम दिला त्याने बाटली खपत नाही. सेव्ह किती झालं, पुढे पाठवलं किती जणांनी, आणि मेसेज किती आले, एवढंच वहीत लिहा. ज्या व्हिडिओला आपोआप मेसेज येतायत त्यालाच पैसे लावायचे (म्हणजे पैसे भरून तो जास्त लोकांना दाखवायचा), तेही थोडे, मुंबई-ठाणे-पुण्यापुरते, आणि उद्देश ‘मेसेज’ निवडून. न चाललेल्या व्हिडिओला पैसे लावून तो चालेल ही आशा सोडा.

इन्फ्लुएन्सरचा विचार पुढच्या वर्षी करू. तोवर तुमचे दहा-पंधरा व्हिडिओ असतील, इन्फ्लुएन्सरकडून आलेलं माणूस तुमचं पान उघडेल तेव्हा त्याला बघायला काही असेल. तेव्हाही फार मोठी मंडळी नकोत, मालवणी स्वयंपाक करून दाखवणारी एखादी गृहिणी पुरे. आणि फुकट बाटली दिली तरी तिला ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला सांगा. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेची 2021 पासूनची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात.

सर्वांत घाईचं काम शेवटी लिहितोय. आगळ-आमसुलांचं चित्रण वर्षातून एकदाच करता येतं. श्रावणात कोणी विचारलं तर तुमच्याकडे ना रातांबे असतील ना ऊन. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला टाकायचे व्हिडिओ या एप्रिल-मेमध्येच टिपून ठेवावे लागतील. झाडावरचे लाल रातांबे, पाटीत ओतताना, फोडताना, वाट्यांत साखर भरताना, आमसुलांना रसाचं पुट देऊन पुन्हा उन्हात पसरताना, पहिल्या दिवशीचा रंग आणि शेवटच्या दिवशीचा. प्रत्येक गोष्ट दहा-दहा सेकंद, फोन स्थिर ठेवून, एकदा लांबून आणि एकदा जवळून. तेव्हा बोलायची गरज नाही, कामही थांबवायचं नाही, भाच्याच्या हातात फोन द्या. एप्रिलच्या शेवटी वळवाची सर आलीच तर आमसुलं उचलायची जी धावपळ होते तीही टिपायला सांगा, त्याचा एक वेगळाच व्हिडिओ होईल. फोनमध्ये जागा करून ठेवा आणि चित्रण झालं की त्याच संध्याकाळी दुसरीकडे उतरवून घ्या, व्हॉट्सअॅपवरून एकमेकींना पाठवू नका, त्यात चित्राचा दर्जा घसरतो.

ड्रोनचं चित्रण टाकून देऊ नका. त्या माणसाकडून मूळ फाइल मागून घ्या. तुमच्या बागेवरून जाणारे तीन-चार सेकंद ‘हे रातांबे येतात कुठून’ या व्हिडिओत चपखल बसतील. आणि वहीतली प्रश्नांची यादी तयार झाली की इथे टाका, कुठला आधी करायचा ते मिळून ठरवू.